देवघरातल्या फ्लॉप्या

सांगलीत कॉम्प्युटरचा कोर्स केला तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. उंब्रजला आमच्या घराची रस्त्याकडची खोली मिळवायची आणि तिथं स्वतःचा क्लास काढायचा. पण ती खोली तात्यांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या, खताच्या पोत्यांनी गच्च भरलेली. "पोरगी लगीन हून जाईल, खत हितंच ऱ्हाईल," असं त्यांचं म्हणणं. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी निकाल दिला, "दसऱ्याला सोनं द्यायला माणसं येतील. त्यांच्यादेखत तुझं यंत्र चालू दिसलं पायजे. दिसलं तर खोली तुझी, न्हाईतर तात्याची."

मी जात्याच तापट. म्हटलं, दसरा कशाला, नवमीलाच करून दाखवते. सुटे भाग मी सांगलीहून एसटीनं आणले होते. मॉनिटर मांडीवर होता, तरी कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलंच.

खंडेनवमीला सकाळी पोत्यांच्या मधे जागा केली, एका पोत्यावर बैठक मारली आणि कॉम्प्युटर जोडला. पण नुसता सांगाडा उभा राहून काय उपयोग? त्यात ऑपरेटिंग सिस्टिम घालायची होती. पेन ड्राइव्ह तेव्हा जन्मालाही आला नव्हता. फ्लॉप्यांची चवड घेऊन बसायचं. एक आत घालायची, ती घरघर करत वाचून झाली की पडद्यावर सूचना यायची, आता पुढची द्या. पंगतीत वाढावं तसं मी वाढत होते. निम्म्या फ्लॉप्या झाल्यावर चहाला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि परत येऊन बघते तर चवड गायब.

सापडल्या त्या देवघरासमोर पाटावर. शेजारी कोयते, खुरपी, विळी, औषध फवारायचा पंप आणि आबांचा दाढीचा वस्तरा. सगळ्यांना हळदकुंकू, वर झेंडूचं फूल.

"आये, हे काय केलंस?"

"आज खंडेनवमी न्हाई व्हय? ज्याचं त्याचं हत्यार पुजायचं. तुझं ते धूड मला उचललं न्हाई, म्हणून ही घेतली."

"दे इकडं."

"खुळी का काय! मांडलेलं हत्यार उद्या शिलंगणाला निघताना उचलायचं. तवर हात लावायचा न्हाई."

हा नियम आमच्याकडं इतका कडक, की विळी पुजेत म्हणून त्या दिवशी भाजीसुद्धा हातानं मोडून करायची. माझ्यापुढं इलाज नव्हता. मशीन बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि पहिली फ्लॉपीही पाटावरच. पडद्यावर सूचना तशीच लुकलुकत राहिली. मी आदळआपट केली, जेवणावर राग काढला. आबांनी विजेच्या बटणाशेजारी खुर्ची टाकली आणि पहाऱ्याला बसले. शेजाऱ्यांना निरोप धाडला, आज विहिरीवरची मोटर लावू नका. कुणी काही विचारायला आलं, की ओठांवर बोट ठेवून गप राहायची खूण करायचे. त्यामुळं आत कोण आजारी आहे हे बघायला दोन शेजारणी मोसंबी घेऊन येऊन गेल्या.

दसऱ्याला दुपार टळल्यावर मंडळी शिलंगणाला निघाली. वीज टिकली होती, हीच देवीची कृपा. आईनं नारळ वाढवला आणि एकदाच्या फ्लॉप्या सोडल्या. मी धावले. फुंकर मारून, ओढणीनं पुसून एकेक आत घालत गेले. मशीननं सगळ्या गोड मानून घेतल्या. शेवटची घातली आणि आतून कर्रकर्र आवाज आला. ही फ्लॉपी वाचता येत नाही, असं पडद्यावर उमटलं. बाहेर काढून तिचं पत्र्याचं झाकण सरकवलं, तर आतल्या काळ्या चकतीवर ठसठशीत कुंकू, आणि त्याला चिकटलेली एक अक्षत.

"ह्याच्या आत कुंकू कुणी घातलं?"

"मीच की. दार सरकत हुतं. म्हणलं आत देव असंल, नुसतं दाराला लावून कसं भागंल?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पुसून पुसून पुन्हा घातली, पुन्हा तेच. एवढ्यात माणसं सोनं वाटत आलीच. बघता बघता पोत्यांवर, पोत्यांच्या मागं, दारात, सगळीकडं गर्दी झाली. तात्या सगळ्यांच्या पुढं. मी हरले होते, आणि चारचौघांत रडू फुटतंय की काय अशी भीती वाटत होती.

"झालं व्हय चालू?" तात्यांनी पडद्याकडं बोट केलं. "आन ते ल्हिलंय काय?"

आबांनी खिशातून चष्मा काढला. फौजेत त्यांनी स्टोअरला कारकुनी केलेली. औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचून घ्यायला निम्मं गाव त्यांच्याकडं यायचं. पडद्याजवळ वाकून, ओठ हलवत त्यांनी ते सगळं अक्षर न अक्षर वाचलं. एकदा माझ्याकडं बघितलं. मग चष्मा खिशात ठेवला आणि तात्यांकडं वळले.

"काय न्हाई रं गड्या," ते म्हणाले. "खताची पोती हलवा म्हणतंय."