मामाचे पाच चोक

आमच्या मामाच्या हातून चूक कधी होत नाही, त्याच्या हातातल्या वस्तूंकडून होते. चहा सांडला की कपाचा कान वाकडा. त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी तो हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्यांवर बंदूक चालवायला शिकू लागला आणि तबकडी काही फुटेना, तेव्हा दोष कोणाचा निघणार हे मला आधीच ठाऊक होतं. बंदुकीच्या तोंडाशी पेचाने बसवायची बोटभर नळी असते, तिला चोक म्हणतात. दोष त्या चोकाचा.

मामा चष्मेवाला. तीस वर्षं एकाच दुकानात, एकाच तक्त्यावर त्याने अर्ध्या गावाचे डोळे तपासले. मी त्याची भाची. काउंटर सांभाळते आणि रविवारी त्याला गाडीने मैदानावर नेते. हल्ली तो स्वतः गाडी चालवायला नको म्हणायचा. कंटाळा येतो म्हणायचा, आणि मीही ते खरं मानलं.

प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की चोक अरुंद असला तर छरे एकत्र राहून लांब जातात, रुंद असला तर लवकर पसरतात. नवशिक्याने रुंद लावावा आणि विसरून जावं. मामा कसला विसरतोय! भिंगांच्या डब्यात त्याने पाच चोक ओळीने लावले. दर दोन बारांनंतर बंदूक उघडायची, रिकामी आहे हे दाखवायचं, चोक बदलायचा. "हा बरा की आधीचा?" असं गिऱ्हाइकाला विचारावं तसं तो स्वतःलाच विचारायचा. प्रशिक्षक डोक्याला हात लावायचा.

शेवटी वैतागून प्रशिक्षकाने एक मोठा पांढरा कागद चौकटीवर ताणला. त्यावर एक बार काढायचा आणि छरे कसे पसरले ते बघायचं, म्हणजे चोकाचा निकाल लागेल. मामाने डावा डोळा मिटून बार काढला. बंदूक खाली ठेवून आम्ही कागदापाशी गेलो. भिंग पारखायच्या सवयीने तो कागदही एकट्या उजव्या डोळ्याने बघत होता. त्याचा चेहरा उजळला.

"बघ, मी म्हणत नव्हतो? कडेला भोकं आहेत, मधोमध काहीच नाही. चोकच बिघडलाय."

कागदाची मधोमध चाळणी झाली होती. मधे रिकामं दिसतं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हाच मामा त्याच दिवशी डॉक्टरांकडे पिटाळतो. उशीर केला तर गेलेली नजर परत येत नाही, असं बजावतो.

परतताना मी म्हटलं, दुकानात जाऊन तुझा उजवा डोळा तपासू. तो भडकला. माझे डोळे आता काउंटरवरची पोरगी तपासणार का, म्हणाला. तरी खुर्चीत बसला, कारण त्याला मला खोटं पाडायचं होतं. डाव्या डोळ्यावर झाकण धरून त्याने वरच्या मोठ्या अक्षरापासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचून दाखवलं.

"झालं समाधान?"

"मामा, मी तक्त्याची मागची बाजू पुढे केलीय. तिथे अक्षरं नाहीत, आकडे आहेत."

आता तो तक्त्याला नावं ठेवेल, दिव्याला ठेवेल, अशी मी वाट बघत होते. त्याने ठेवावीत असंच मला वाटत होतं. पण त्याने झाकण उजव्या डोळ्यावर धरलं आणि हळूहळू आकडे वाचले. मग परत डाव्यावर धरलं आणि पहिल्याच आकड्याशी अडला. इतके दिवस डावा डोळा उजव्याला सांभाळून घेत होता, हे त्याला माझ्याआधी कळलं असणार.

"तो कागद मधे भरलेला होता?" त्याने विचारलं.

"सगळ्यात जास्त मधेच."

"म्हणजे नेम बरोबर होता."

त्याने खिशातून चोक काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लाव. नंबर तूच बघ."