ओठांतल्या टाचण्या

मावशी कपडे बेतायच्या. कारखान्यात शिवणारे दहा जण, पण बेतणाऱ्या त्या एकट्या, आणि त्याचा तोरा त्यांनी तीस वर्षं मिरवला. गेल्या वर्षी नसांच्या आजारात दोन्ही हात लुळे पडले आणि तोरा उतरला. भरवायला धाकटी बहीण होती. पण आता नुसतं बसून खायचं, या विचारानंच त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

बहिणीची लेक संगणकाच्या कामात मुरलेली. तिनं पडद्याच्या वर कॅमेरा बसवला. डोकं हलेल तसा बाण हलायचा, ओठ आवळले की क्लिक होऊन टिंब पडायचं आणि टिंबं जोडत पडद्यावरच कापड बेतायचा नमुना रेखता यायचा. मालकही भला माणूस. शनिवारपर्यंत एक कोट बेतून द्या, अंगावर नीट बसला तर तुमची जागा तुमचीच, असं त्यानं सांगून टाकलं.

मावशींनी मान मोडून काम केलं. पण बाही जिथं जोडतात त्या मुंढ्याचा गोल निम्म्यावर आला की भलतीकडेच टिंब पडायचं आणि रेघ भरकटायची. त्यांनी यंत्राच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. यंत्राला पिढ्या नसतात असं भाचीनं ऐकवलं, तेव्हा तिचाही केला. गुरुवारी त्यांनी हात टेकले आणि हे सगळं काढून ने म्हणाल्या.

भाची वायर काढायला आली तेव्हा मावशी शेवटचा म्हणून तोच गोल रेखत होत्या. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मावशी, ओठ कशाला आवळून धरलेस?"

"टाचण्या पडतील ना," मावशी बोलून गेल्या.

तोंडात एकही टाचणी नव्हती. पण तीस वर्षं ओठांत टाचण्या धरूनच बेतलेलं. बारीक काम आलं की ओठ आपोआप मिटायचे आणि बिचारं यंत्र दर वेळी इमानेइतबारे क्लिक करायचं. दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. वर्षभरात मावशी पहिल्यांदाच हसत होत्या.

भाचीनं मग तोंड उघडलं तरच क्लिक, असं करून दिलं. बेतताना मावशींनी तोंड उघडलेलं कारखान्यात कुणी कधी पाहिलंच नव्हतं. शुक्रवारी मुंढा एका दमात उतरला.

शनिवारी दुपारी कारखान्यात शिवून झालेला कोट मालकानं स्वतःच अंगात घातला. हात वर केले, मागे नेले. मावशींची नजर बाहीवरून हलत नव्हती. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"सोमवारपासून येताय ना मग?" मालकानं विचारलं.

"सोमवार कशाला?" मावशी म्हणाल्या. "आजचा अर्धा दिवस आहे की अजून."