चौकोनी कंसातली माफी

बोलता बोलता काका दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या वाकवून हवेत चौकोनी कंस काढायचे आणि म्हणायचे, "हे अजून कंसात." म्हणजे या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालेलं नाही.

नोकरीभर त्यांनी तेच केलं होतं. मूळचे वसईचे, पण नोकरी सगळी लंडनला, सरकारी. दोन देश मासेमारीच्या वाटाघाटींना बसले की मसुदा लिहिणाऱ्यांत काका असत. ज्या शब्दावर भांडण, तो शब्द चौकोनी कंसात टाकायचा. भांडण मिटलं की कंस खोडायचा. निवृत्त झाल्यावर ते इथे ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या वेरिबीला मुलाकडे राहायला आले. मुलगा विल्सन, त्याची बायको आणि नात मिया. त्यांचं घर आमच्या अगदी समोर.

काम सुटलं तरी कामाची खोड न सुटलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकांची खोड फ्रिजवरच्या यादीपर्यंत पोचली होती. दूध, ब्रेड, अंडी, आणि मग चौकोनी कंसात सुके बोंबील.

"पपा, बोंबील कंसात का?" सुनेने विचारलं.

"तुझी संमती यायची आहे."

"येणार नाही. घरभर वास मारतो, कार्पेट आहे आपल्याकडे."

"ठीक आहे. पुढच्या फेरीत घेऊ."

त्या फेऱ्या सहा महिने चालल्या. शेवटी बोंबील गराजमध्ये, दार उघडं ठेवून भाजायचे, असा तह झाला. काकांना एवढं खूश मी क्वचितच पाहिलं.

मेलबर्नच्या लांबलेल्या लॉकडाऊनमध्ये व्यायामाला तासभर बाहेर पडता यायचं आणि बरोबर एकच माणूस चालायचा. माझ्या घरात कोणाला चालायची हौस नव्हती, त्यांच्या घरात कोणाला वेळ नव्हता. म्हणून मी आणि काका नदीकाठाने चालायचो. मी जिवंत शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत कागदपत्रं बघते.

"म्हणजे नेमकं काय करतेस गं बाय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"शेवंड मरायच्या आत तिचे कागद पोचवते."

"मग खरं काम तुझं. आम्ही नुसतं पाणी वाटत बसलो."

ब्रिटन तेव्हा युरोपीय संघातून बाहेर पडलं होतं आणि पुढचा करार व्हायचा होता. घोडं मासळीवर अडलं होतं. काकांनी मला ते चालता चालता समजावलं. ब्रिटनच्या पाण्यात शेजाऱ्यांच्या बोटी पिढ्यान् पिढ्या मासे धरतात. ब्रिटनच्या कोळ्यांची मासळी मात्र शेजाऱ्यांच्या बाजारात विकली जाते. एकाच्या हातात पाणी, दुसऱ्याच्या हातात बाजार. "नवराबायको वेगळे झाले आणि स्वयंपाकघर एकच राहिलं, असं समज," काका म्हणायचे. आता त्यांना कोणी विचारत नव्हतं, तरी ते रोज बातम्या ऐकायचे आणि हवेत कंस काढायचे.

लॉकडाऊन उठलं त्याच सुमाराला चीनने आमच्या शेवंडी अडवल्या. माल विमानतळावरच मेला. मालकाने मला किनाऱ्यावरच्या एका गावी कोळ्यांना सांगायला पाठवलं. आम्ही त्यांना भाव छान येईल म्हणून सांगितलं होतं. मी धक्क्यावर उभी राहिले आणि आता माल घेणार नाही म्हणून सांगितलं. एकाने भरपूर शिव्या दिल्या. दुसऱ्याने चहा दिला. मी दोन्ही घेतलं आणि परत आले.

"फोन करून भागलं नसतं?" काकांनी विचारलं.

"फोनवर माणूस नो वरीज म्हणतो आणि ठेवून देतो. समोर उभं राहिलं की त्याला शिवी देता येते. तेवढा तरी हक्क आहे त्याचा."

काका चालता चालता थांबले. त्यांच्या बुटाची नाडी सुटली असावी, असं मला वाटलं.

ख्रिसमसच्या तोंडावर तिकडे करार झाला. काकांनी गराजमध्ये बोंबील भाजले, वाईनची बाटली फोडली, मला बोलावलं. जानेवारीत एका सकाळी मात्र ते चालायला आले तेच फोन पुढे करत. फोनवर एक फोटो होता. थर्मोकोलचे खोके, त्यांत लँगुस्टीन, म्हणजे शेवंडीची सडपातळ भाचीच म्हणा. सगळी मेलेली. खाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

फोटो आयलीनने पाठवला होता. आयलीन स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची विधवा बाई, स्वतः बोट चालवणारी. कामासाठी त्या बाजूला गेले की काका वर्षानुवर्षं तिच्याकडेच उतरायचे. संघ सोडायचा की नाही, यावर मतदान व्हायचं होतं तेव्हा तिने त्यांना स्वयंपाकघरात विचारलं होतं, "तू आतला माणूस. खरं सांग."

"मी म्हणालो, पाणी तुमचं होईल आणि बाजार आहे तसाच राहील. त्या भरवशावर तिने दुसरी बोट घेतली."

"तुम्हाला माहीत नव्हतं? बाहेरच्या देशाचा माल म्हटलं की कागद लागणार, तपासणी होणार, ट्रक उभे राहणार."

"माहीत होतं."

"मग?"

"ती खूश होती गं. आणखी एक अंडं वाढत होती. म्हटलं, हिच्या आनंदात आपण कशाला माती कालवा."

त्यांची समजूत घालावी, असं त्यात मला काही दिसलं नाही.

दोन दिवसांनी त्यांनी आयलीनला पाठवायचा मजकूर मला दाखवला. बाजारपेठेविषयी पूर्वी व्यक्त केलेल्या अंदाजात काही उणिवा राहिल्या असल्यास त्याबद्दल खेद वाटतो, असं इंग्रजीत होतं. 'उणिवा' चौकोनी कंसात. 'खेद'ही चौकोनी कंसात.

"काका, खेदसुद्धा?"

"तिची बाजू कळल्याशिवाय कसं..."

"तिची बाजू फोटोत आहे."

ते बाकावर बसले. बराच वेळ एका बोटाने खोडत, पुन्हा लिहीत राहिले. शेवटी फोन माझ्यापुढे धरला. एकच ओळ उरली होती: माझं चुकलं, मला माहीत होतं. कंस कुठेच नव्हता.

"आता पाठवा," मी म्हटलं.

"नको. तूच म्हणालीस ना, समोर उभं राहावं लागतं."

आता इथली परिस्थिती सांगते. काकांचा पासपोर्ट ब्रिटिश, इथला व्हिसा पाहुण्याचा. देशाबाहेर जायला त्यांना कोणी अडवणार नव्हतं, पण एकदा गेले की कोविडमुळे बंद असलेली ऑस्ट्रेलियाची सीमा उघडेपर्यंत परत येता येणार नव्हतं, आणि ती कधी उघडेल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मियाचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमधला मुलांचा मोठा दिवस, त्याच वर्षी होतं. हे सगळं मला माहीत होतं. काका, या वयात मेसेज पुरे, असं एक वाक्य मी म्हणू शकले असते. मी म्हटलं, "हो, म्हणाले होते."

मार्चमध्ये ते स्कॉटलंडला गेले.

कचऱ्याचे डबे आत घेताना विल्सनने मला गाठलं. "ताई, पपांना तू सांगितलंस, समोर जाऊन उभं राहा म्हणून?"

"हो."

"परत येता येणार नाही, हे माहीत होतं तुला?"

"माहीत होतं."

"मिया रोज विचारते. तिला काय सांगू, ते पण सांग."

मी डबा ओढत आत गेले. त्यानंतर विल्सन माझ्याशी बोलायचा थांबला. मिया मात्र एकदा कुंपणापाशी येऊन म्हणाली, "ही इज नॉट कमिंग फॉर माय कम्युनियन, इज ही?" मी नाही म्हटलं. मुलांना खोटं सांगून काय मिळतं?

काकांचे मेसेज यायचे. प्रवासानंतरचं विलगीकरण आयलीनने त्यांना जाळ्यांच्या शेडमध्ये काढायला लावलं. दाराशी ताट ठेवायची आणि एक शब्द न बोलता जायची. विलगीकरण संपल्यावर काकांनी तिच्यासमोर उभं राहून ती ओळ म्हटली. तिने त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. "तुझ्या कोळ्यापेक्षा भारी," काकांनी मला कळवलं. आठवड्याने पुढचा मेसेज आला: "आज स्वतःहून बोलली. म्हणाली, ताट सिंकमध्ये ठेव."

मग ते तिचे निर्यातीचे कागद भरू लागले. अडलं की मला फोन. पडद्यावर काका गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत उभे असायचे आणि मागून आयलीन ओरडायची, "त्या बाईला विचार, हा शिक्का कुठे मारायचा!" बरेच खोके जिवंत पोचले. तरी दुसरी बोट विकावी लागली. ती न्यायला माणसं आली तेव्हा आयलीनने दोर काकांच्या हातात दिला आणि म्हणाली, "तूच सोड." काकांनी सोडला. माफ केलं का, हे तिने सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही.

इथली सीमा उघडायच्या थोडं आधी काका तिथेच गेले. झोपेत, हृदय बंद पडून. विल्सनला जाता आलं नाही. त्याने दफन फोनवर पाहिलं.

काही दिवसांनी आयलीनचा मला फोन आला. रडणं वगैरे काही नाही. काकांचे रबरी बूट मुलाकडे पाठवायचे आहेत, कस्टम्सला काय लागतं? मी नियम सांगितला. वापरलेल्या बुटांना मातीचा कण जरी चिकटला असेल तरी ऑस्ट्रेलियात पार्सल अडवतात, तळवे नीट घासून धुवा.

पार्सल कुठेही न अडता आलं. त्या संध्याकाळी विल्सनने दारावर टकटक केली. "ताई, जरा येतेस?"

गराजमध्ये खोका उघडा होता. मिया शेजारी उभी होती. विल्सनने एक बूट हातात घेतला, उलटा केला, तळव्याच्या खाचांतून बोट फिरवलं, मग नाकाशी नेला. दुसराही तसाच पाहिला. वाळू नव्हती, मीठ नव्हतं, मासळीचा वासही नव्हता. आयलीनने प्रत्येक खाच ब्रशने घासली होती. बूट दुकानातून आणल्यासारखे कोरे होते.

"एवढे का घासले असतील?" विल्सन म्हणाला.

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं.