धवलकुमारसारखा दिसणारा नवरा

घाटकोपरच्या पंतनगरात एके काळी मार्तंड दिघ्यांना कुणी दिघे म्हणत नसे. कोपऱ्यावरच्या पानवाल्यापासून विमा कंपनीतल्या त्यांच्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, धवलकुमार. तेव्हा हिंदी सिनेमात धवलकुमारची हवा होती आणि देवानं त्याचाच चेहरा एका कारकुनाला कसा काय दिला, हे कोडं कुणाला सुटत नव्हतं. तेच नाक, तीच हनुवटीवरची खळी, तशीच भांग न पाडता मागे फिरवलेली केसांची लाट. लग्नकार्यात मार्तंडराव गेले की नवरदेवाकडे बघायचं सोडून पोरी यांच्याकडे बघायच्या.

आता ती लाट ओसरून कपाळ मागेपर्यंत गेलं होतं, खळी सुरकुत्यांत हरवली होती. आणि धवलकुमारचं नाव काढलं तर सोसायटीतली मुलं विचारत, कोण?

मग एका शनिवारी पेपरात आतल्या पानावर बातमी आली. धवलकुमार कित्येक वर्षांपासून परदेशात मुलीकडे होता. त्याचा जुहूचा बंगला विकला गेला होता आणि तिथे आता टॉवर उभा राहणार होता.

उत्तरानं बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. "जाऊन येऊ या का हो? पाडायच्या आत?"

"त्यात काय बघायचंय?" मार्तंडराव चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "माणूस नाही, काही नाही. नुसत्या भिंती."

असं म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये गेले ते बराच वेळ बाहेरच येईनात. आले तेव्हा मिशी काळीभोर झालेली, अंगात मुलीनं दिवाळीला पाठवलेला मरून शर्ट आणि उरलेले केस पाणी लावून मागे चापून बसवलेले. उत्तरानं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एवढंच म्हणाली, "कानामागे पावडर राहिलीय, पुसा."

मेट्रोत दोघांना शेजारी शेजारी जागा मिळाली. उत्तराला आठवली ती पहिली खेप. तेव्हा याच वाटेनं बसनं गेले होते, खिडकीतून धूळ येत होती आणि तिच्या नव्या साडीची घडी मोडू नये म्हणून ती अंग चोरून बसली होती.

ती चिपळूणची. मध्यस्थांनी मुलाचा फोटो पाठवला तेव्हा आधी सगळ्यांना वाटलं, चुकून सिनेमावाल्याचा फोटो पाकिटात पडला. खुलासा झाल्यावर तो फोटो अख्ख्या आळीत फिरला. चार दिवसांनी परत आला तेव्हा त्याला कुणाच्या तरी हळदीची बोटं लागलेली होती. तिची मैत्रीण शीतल म्हणाली होती, "उत्तरा, असल्या तोंडाच्या माणसाशी तू भांडणार कशी गं?"

भांडण पुढे व्यवस्थित जमलं. तोंड आड आलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मोठ्या जाऊबाई दिराला म्हणाल्या, "नव्या नवरीला मुंबई दाखवून आण. राणीच्या बागेत ने." उत्तरा मान खाली घालून पण स्पष्ट म्हणाली, "मला धवलकुमारचा बंगला बघायचाय." सगळं घर हसलं. मार्तंडही हसला आणि घेऊन गेला.

गेटसमोर ही गर्दी! आणि त्यात कुणीतरी ओरडलं, "अरे, वर काय बघता, हा इथे उभा आहे!" झालं. पन्नास हात एकदम मार्तंडवर पडले. खिसा फाटला, दोन बटणं गेली, एका बाईनं तर मनगटच धरून ठेवलं. तो जीव तोडून सांगतोय, "अहो, मी घाटकोपरचा दिघे!" पण ऐकतंय कोण? तेवढ्यात बाल्कनीचं दार उघडलं आणि खरा धवलकुमार बाहेर आला. पांढरा रेशमी झब्बा, हातात कप. त्यानं खाली बघितलं, मार्तंड दिसला, आणि तो खळखळून हसला. कपाळाला हात लावून त्यानं चक्क सलाम ठोकला. गर्दी तिकडे धावली. उत्तरा वर बघत राहिली.

परत येताना बसमध्ये मार्तंड एक शब्द बोलला नाही. पुढे ऑफिसच्या पिकनिकला तो धवलकुमारची नक्कल करून धमाल उडवतो, असं ती इतरांकडून ऐकत राहिली. घरात, तिच्यासमोर मात्र त्यानं ती कधीच केली नाही. का, हे विचारायचं तिच्या मनात यायचं, पण मुलगी झाली, सासूबाईंचं आजारपण आलं, नोकरीतल्या बदल्या आल्या, आणि ते राहून गेलं.

डी. एन. नगरला उतरून रिक्षा केली. गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर मार्तंडरावांनी शर्ट खाली ओढून नीट केला आणि ताठ चालू लागले.

बंगल्याभोवती निळे पत्रे ठोकले होते. त्यावर बत्तीस मजली टॉवरचं रंगीत चित्र, चित्रात गोरीपान माणसं स्विमिंग पूलपाशी हसत होती. पत्र्यांच्या वरून बाल्कनी तेवढी दिसत होती. कठडा काढून नेला होता, दाराच्या जागी भोक.

तिथे एक तरुण जोडपं मोबाइल घेऊन उभं होतं. मुलगी मार्तंडरावांकडे वळली. "अंकल, प्लीज..." आणि उत्तराला दिसलं, की नवऱ्याचा हात नकळत केसांकडे गेला.

"आमचा एक फोटो काढाल? ही मागची तुटकी बाल्कनी ना, मस्त रस्टिक आहे."

मार्तंडरावांनी मोबाइल घेतला, फोटो काढला, परत दिला.

"इथे कोण राहायचं, माहितीये का तुम्हाला?" उत्तरानं मुलीला विचारलं.

"नाही. कोण?"

"धवलकुमार."

"ओके," मुलगी गोड हसली आणि दोघं फोटो बघत निघून गेली. मागून सिक्युरिटीवाला हात हलवत आला, "अंकल, साइड हो जाओ, ट्रक निकलेगा."

मार्तंडराव बाजूला झाले. उत्तराला त्या बंगल्याचं काही वाटलं नाही. तिला सकाळपासून खपून काळ्या केलेल्या मिशीचं वाटलं.

"तिथे उभे राहा," ती म्हणाली. "बाल्कनी मागे येऊ दे. फोटो काढते."

"नको गं. ऊन आहे."

"राहा म्हणते ना. आणि ती त्याची पोज द्या."

"कुठली पोज?"

"काहीच माहीत नसल्यासारखं करू नका. पिकनिकला द्यायचात ती. अख्ख्या ऑफिसनं बघितली, मीच तेवढी राहिले."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग कॉलर वर केली, डावा हात खिशात, उजवी भुवई चढवली आणि एक गुडघा वाकवून तिरके झाले. गुडघ्यानं ऐनवेळी दगा दिला. तोल जाऊन पत्र्याला धडकले, पत्रा ढणकन वाजला, सिक्युरिटीवाला धावत आला. उत्तरा इतकी हसली की फोटोत नुसता मरून रंग हललेला आला.

मग चौपाटीवर जाऊन बसले. दुपारची वेळ, वाळू तापलेली, माणसं थोडी. एका टपरीच्या सावलीत भेळ घेतली. मार्तंडरावांनी अर्धी भेळ संपवली आणि समुद्राकडे बघत म्हणाले, "एक विचारू? त्या दिवशी किती वेळ वर बघत होतीस तू."

उत्तराला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा पुरी हातात तशीच राहिली. "हे तुम्ही इतकी वर्षं मनात ठेवलंत?"

"तसं नाही. अधूनमधून आठवायचं."

"चेहरा बघूनच हो म्हटलं मी. खोटं कशाला बोलू?" ती म्हणाली. "पण त्या दिवशी वर बघत होते ते वेगळ्याच कारणानं. मला वाटायचं, तुम्ही दोघं अगदी सारखे. आणि तिथे तो समोर आला तर काहीच सारखं नाही हो. त्याचं हसणंच निराळं. मला वाटलं, फसले मी."

"फसलीस?"

"हो मग! थोडा वेळ खरंच वाईट वाटलं. नंतर शेजारी बघते तर तुम्ही नाही. शोधलं, तर फाटक्या शर्टात वाकून लोकांच्या पायांतून माझी चप्पल शोधताय. गर्दीत निघाली होती ना."

"मग?"

"मग काय. घातली चप्पल."

मार्तंडराव खो खो हसले. "अगं, मिळालीच नाही ती! माझ्या घालून बसपर्यंत गेलीस तू. मी अनवाणी आलो. डांबर कसलं तापलं होतं!"

उत्तरा बघत राहिली. हे तिला अजिबात आठवत नव्हतं. "म्हणून बसमध्ये गप्प होतात?"

"थोडा त्यामुळे," ते म्हणाले. "थोडा बाल्कनीमुळे."

तिनं आपल्या भेळेतली कैरी वेचून त्यांच्या कागदात टाकली. त्यांना आवडते म्हणून. मग त्यांनी न सांगता धवलकुमारचा एक डायलॉग म्हणून दाखवला. आवाज घोगरा झाला होता, शेवटी ठसका लागला. भेळवाला वळून बघायला लागला. उत्तरानं पाठीवर थापट्या मारल्या आणि म्हणाली, "अजून एक."

परतताना संध्याकाळ झाली होती. अंधेरीवरून मेट्रो निघाली तेव्हा खिडकीबाहेर सगळीकडे मोठमोठी होर्डिंग उजळलेली होती. एकावर दाढीवाला एक तरुण, हातात साबण घेऊन.

"हा कोण गं?" मार्तंडरावांनी विचारलं.

"कोणास ठाऊक. पण आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कृणालसारखा दिसतो नाही?"

मार्तंडरावांनी मान मागे वळवून, होर्डिंग दिसेनासं होईपर्यंत नीट बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "कृणाल बरा आहे."