गाव आधी कुणाचं

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाचा इतिहास आणि लोकसंख्या लावायचं ठरलं, तेव्हा ग्रामसेवकांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. मी माहेरच्याच गावात शाळेवर शिक्षिका. खोडदच्या त्या प्रचंड रेडिओ दुर्बिणी आमच्या शिवारातून दिसतात. परगावी गेलं की गावाची तेवढीच खूण सांगता येते.

वही घेऊन घरोघर निघाले, तर ओळखीची माणसं अनोळख्यासारखी बघायला लागली. "बाई, माणसं कशापायी मोजता? रेल्वेत जमिनी जाणार हायेत का?" एका म्हातारीनं पुण्याला राहणारे दोन्ही मुलगे, सुना घरातच धरल्या. म्हणाली, "रानात गेलीत समदी." उंबऱ्याशी चपलांचा एकच जोड होता. मी नावांपुढं पेन्सिलीनं खूण केली, तशी ती वहीवर वाकली. "ते काय लिवलं?"

इतिहासासाठी तात्यांकडं गेले. गावातलं मोठं बागायतदार घर त्यांचं. त्यांनी ओसरीवरूनच उत्तर दिलं, "गाव आमच्या वाडवडलांनी वसवलं. येवढंच लिही, पोरी." चहासुद्धा विचारला नाही.

हे काहीतरी दडवतायत, असं मला वाटलं. आमचं घर बौद्ध. आमची वस्ती मागाहून आली, असंच गावात कायम सांगितलं गेलं होतं. मी आत्याला विचारलं. "आपली घरं ओढ्याकाठी व्हती, तात्याच्या वाडवडलांच्या आधीपास्नं," ती म्हणाली. "पण कागद नाय. कोण मानंल?"

मी इतिहासाचं पान कोरंच ठेवलं.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत तात्या शाळेत आले. आधी दार लोटलं, मग विचारलं, "आत्यानं काय सांगितलं?" मी तिच्याकडं गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं असेल, हेच डोक्यात घोळत राहिलं. मी वही पुढं केली. त्यांनी कोरं पान उलटंपालटं करून पाहिलं.

"काहीच लिवलं न्हाई?"

"खरं काय ते कळलं नाही, तात्या."

त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. मग हळू आवाजात म्हणाले, "पलेगाच्या साथीत गाव उठून गेलं. तुमची माणसं राखणीला राहिली. आमचा पणजा त्येच्या नंतर घोडनदीकडनं आला. तुमच्याच लोकांनी त्येला विहीर दावली."

"हे आज का सांगताय?" माझा संशय अजून गेला नव्हता.

"तू खोटं लिवलं असतंस, तर गप बसलो असतो. आता लिही. पण मी सांगितलं म्हणू नको. भावकी उठंल माझ्यावर."

मी तसंच लिहिलं. फलक लागला त्या दिवशी त्यांचा पुतण्या वाचता वाचता थांबला. "ह्ये कुणी सांगितलं, मॅडम?"

तात्या शेजारीच उभे होते. फलकाकडं न बघता म्हणाले, "जुनीजाणती माणसं सांगत्यात, राव." आणि मी तोंड उघडतेय का, याकडं लक्ष ठेवून राहिले.

मी उघडलं नाही.