पहिले थेंब

मोहाच्या फुलांचा वास आला की मला अजून तो आठवतो. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या कापड कारखान्यात माझ्या शेजारचे माग तो चालवायचा. गाव नवापूरकडचं. एरवी अबोल, पण मोहाच्या दारूचा विषय निघाला की खुलायचा. मातीच्या मडक्यात, मंद आचेवर, नुसत्या फुलांची काढलेली तीच खरी. गूळ-नवसागराची नुसती पोट जाळते, म्हणायचा.

एका होळीला त्याच्या गावी गेलो, तेव्हा त्याने मला ती प्यायला शिकवलं. थेंबभर तळहातावर चोळून हुंगायची. "भाऊ, आधी वास ले, मंग घोट ले. पळून जाती का ती?" आणि घोटाआधी चार थेंब जमिनीवर, पूर्वजांच्या नावाने. ते दिल्याशिवाय तो पेला ओठाला लावत नसे.

पुढच्या होळीला पाय मोडल्याने तो सुरतेतच अडकला. मी माझ्या गावी निघालो तेव्हा म्हणाला, "येताना माझ्या भावाकडून एक बाटली आण." येताना वाट वाकडी करायचा मी कंटाळा केला. सुरतेत चोरून मिळणारी बाटली त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "तुझ्या भावाने दिली."

त्याने थेंब तळहातावर चोळला, हुंगला, माझ्याकडे पाहिलं. मग मोठा घोट घेऊन म्हणाला, "चांगली हाये, भाऊ. आठवणीनं आणली तू."

त्याच्या खाटेजवळची फरशी मात्र कोरडीच होती.