मागच्या एक्सलचं वजन

आळेफाट्यावर कुणी सोमाजीचं नाव काढलं की माझं डोकं सणकतं. बेल्ह्याचा गडी, बाप मेंढरं राखायचा. घोड्यावर बिऱ्हाड लादताना दोन्ही अंगाला वजन सारखं लागतं, तेवढी अक्कल त्यानं ट्रकात आणली, तर लोकं त्याला डोक्यावर घेऊन नाचत्यात! मग मी काय इथं झक मारतो?

यंदा कांद्याचा शेठ आमा दोघांना म्हणला, "उद्याचा माल जो बिनबोभाट मुंबईला पोचवील, हंगामभर भाडं त्याचंच." दोघांच्या गाड्या शेजारीच लागल्या. कांद्याच्या गोण्या आन् टोमॅटोची रिकामी क्रेटं. मुंबईत कांदा आधी उतरायचा, म्हणून मी क्रेटं केबिनकडं टाकली, गोण्या मागं. सोमाजीनं गोण्या केबिनपासून सारख्या पसरल्या आन् क्रेटं पार मागं लावली. वर मलाच म्हणतो, "भरतभाऊ, मागच्या एक्सलवर लई दाब येतोय."

"तुमी तुमचं बघा!" म्हणलं.

माळशेजच्या अलीकडं गाड्या काट्यावर घेत व्हते. माझं सगळं मिळून वजन कायद्यात व्हतं, पण तिथं एकेक एक्सल, म्हंजी चाकांच्या एकेका जोडीवरचा भार, येगळा मोजत व्हते. सोमाजी सुटला. माझा मागचा एक्सल हद्दीबाहेर. काट्यावरचा साहेब म्हणला, "माल पुढं सरकवल्याशिवाय गाडी हलायची नाही." गेलं की राव भाडं! सोमाजीची गाडी पुढं निघालीबी.

तर हा बाबा गाडी कडेला लावून चालत परत! शर्ट काढून माझ्या गाडीत चढला, क्रेटं खाली दिली, गोण्या पुढं ओढल्या. एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. मारला न्हाई मेल्यानं.

दोघंबी उशिरा पोचलो. सोमाजीनं शेठला झालं ते सांगितलं आन् म्हणाला, "हंगाम दोघांत वाटून द्या." शेठनं दिला, पण माझी गाडी सोमाजीनं उभं राहून भरून घ्यायची, ही अट घातली. घरी हर्षाली, माझी बायको, म्हणती, "देवमाणूस हाय हो!" ऐकून जेवण गोड लागंना.

आज सकाळी गाडी लावली, मागचा फाळका पाडला आन् हमालांना हाळी दिली. कुणी जागचं उठंना. मुकादम तंबाखू मळत म्हणाला, "दम धरा की भाऊ, सोमाजीभाऊ येऊ द्या."

गाडी माझी. किल्ली माझ्या हातात. आन् मी बी रस्त्याकडं बघत उभा.